पडलेल्या झाडाचा वाडगा झाला तर बिघडलं कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका ताईंचं पत्र आलं होतं, लाकडी वाडग्यांच्या फॅशनबद्दल. त्याच्या आधी तुमच्या पुरवणीत लाकडाचे वाडगे, सॅलड बोल, थाळ्या असे छान छान फोटो आले होते, त्यावर ताईंचं म्हणणं असं की पुण्यात आधीच झाडं उरली नाहीत आणि तुम्ही लोकांना लाकडाची भांडी घ्या म्हणून सांगताय, अशानं वाडग्यापायी झाडं जाणार, स्टीलनं काय घोडं मारलंय. ताईंची तळमळ खरी आहे, झाडांच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी पाहिजेच, पण वाडगा कसा होतो आणि कुठल्या लाकडाचा होतो हे कुणी सांगत नाही म्हणून राग भलतीकडंच निघतो. तेवढ्यासाठी हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं असेल तर कुठूनही कापा पण ओंडक्यांचा भाग तेवढा ठेवा.

मी टर्नर माणूस, म्हणजे लेथवाला; लेथ म्हणजे तुकडा गरगर फिरवत ठेवून त्याला टूल म्हणजे हत्यार लावून आकार द्यायचं मशिन. आयटीआयमधून टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि पुढची सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत लेथवर गेली, लोखंड, पितळ, गनमेटल, चकमध्ये म्हणजे लेथच्या पकडीत बसेल ते फिरवलं. रिटायर झाल्यावर टीव्हीसमोर बसून राहणं काही जमेना, मग धायरीला घराच्या पार्किंगच्या कोपऱ्यात लाकडाचा छोटा लेथ टाकला. त्यावर वाडगे करतो, अधूनमधून लाटणी, भोवरे, कुणाच्या जुन्या पलंगाचा मोडलेला पाय. विकत नाही, नात्यागोत्यात आणि सोसायटीत देतो, त्यामुळं दुकानाची जाहिरात चालवलीय असं कुणी समजू नये. (दुकान नाही पण पसारा दुकानाएवढा आहे असं आमच्या हिचं मत आहे.)

आता मुद्द्यावर येतो. पुण्यात वाडग्यासाठी झाड तोडायची गरजच नाही, आपल्याकडं झाडं आपणहून पडतात. मे महिन्यात वळवाचा पहिला दणका वाऱ्यासकट आला की दुसऱ्या दिवशी तुमच्याच पेपरात झाडपडीची बातमी असते, नंतर जून-जुलैत जमीन भिजून मऊ झाली की दुसरा हप्ता. त्यात गुलमोहर असतात, सोनमोहर म्हणजे पेल्टोफोरम असतात, रेन ट्री, सुबाभूळ, मधेच एखादा आंबा नाहीतर कडुनिंब. का पडतात ते ताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, बुंध्याला चिकटून काँक्रीट, नाहीतर पेव्हर ब्लॉक, केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तुटलेली आणि वर फांद्या पण एकाच बाजूच्या छाटलेल्या, म्हणजे तोल आधीच गेलेला असतो, वारा फक्त निमित्त. त्यात गुलमोहराची मुळं तशीही फार खोल जात नाहीत. हा विषय मोठा आहे, ताईंनी यावर निवेदन काढलं तर माझी सही धरून चाला.

झाड पडलं की अग्निशमन दलाची गाडी येते. पोरं भर पावसात चेनसॉ चालवतात आणि तास-दोन तासात रस्ता मोकळा करतात. त्यांना काही बोलायचं नाही मला, खाली कुणी अडकलंय का, विजेची तार तुटलीय का हे बघायचं का लाकूड कसं कापायचं ते बघत बसायचं? पण घाईत कापताना खोडाचे आठ-आठ, दहा-दहा इंचाचे गोल तुकडे पाडले जातात, फार तर फूटभराचे, कारण दोघा जणांना तेवढंच उचलतं. ते तुकडे मग फुटपाथच्या कडेला पडून राहतात, ऊन-पाऊस खातात, आणि कधीतरी टेंपो येऊन जळण म्हणून घेऊन जातो, कुठं बेकरीच्या भट्टीला, कुठं कुणाच्या बंबाला. माझं भांडण आहे ते फक्त त्या आठ-दहा इंचाशी.

कसं ते सांगतो. ओलं लाकूड म्हणजे पाणी भरलेल्या बारीक नळ्यांची मोळी समजा. पाणी सगळ्यात आधी निघतं ते नळ्यांच्या तोंडातून, म्हणजे कापलेल्या टोकाकडून, सालीच्या बाजूनं सुकतं त्याच्या दहापट तरी वेगानं. आणि लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत जवळपास आकसतच नाही, गाभ्यापासून सालीकडच्या दिशेत थोडं, आणि वलयांच्या दिशेत म्हणजे गोलगोल साधारण त्याच्या दुप्पट. अख्खा गोल ओंडका असला की बाहेरचा घेर जास्त कमी व्हायला बघतो आणि आतलं लाकूड त्याला होऊ देत नाही, मग कुठंतरी फाटणारच, म्हणून गाभ्यापासून सालीपर्यंत ती भेग पडते, गाभ्याकडं चिंचोळी आणि सालीकडं रुंद. ही भेग दोन्ही टोकांकडून आत शिरत जाते, दोन-चार इंच सहज. तीन फुटी ओंडका असेल तर दोन्हीकडचे चार-चार इंच उडवले तरी मधे भरपूर माल राहतो. आठ इंची तुकड्यात मधे राहणार काय? दोन्हीकडच्या भेगा मधे येऊन मिळतात आणि विषय संपला. मे महिन्यातली आपली कोरडी हवा असेल तर दोन-तीन दिवसात, आणि चक्क ऐकू येतं, रात्री सगळं शांत असताना टक्क असा आवाज होतो आणि सकाळी बघावं तर ओंडका उकललेला.

हेच खोड नीट कापायचं तर फार काही करावं लागत नाही. तुकड्याची लांबी खोडाच्या जाडीपेक्षा चार-सहा इंच जास्त ठेवायची, म्हणजे सव्वा फूट जाड खोड असेल तर पावणेदोन फूट, आणि अजून लांब ठेवता आला तर उत्तमच. मग तो तुकडा उभा चिरायचा, बरोबर गाभ्यातून, आणि मधला बोटभर गाभा काढून टाकायचा कारण भेगांची सुरुवात तिथनं होते. अर्धं झालेलं लाकूड आकसायला मोकळं होतं, फाटत नाही. दोन्ही टोकांना मेण नाहीतर फेविकॉलचा जाड हात मारायचा आणि सावलीत, खाली पट्ट्या देऊन रचून ठेवायचं. चेनसॉ तोच आणि माणसंही तीच. रस्त्यावर फक्त लांबी सांभाळायची, उभं चिरणं वगैरे नंतर यार्डात निवांत करा की.

आता कुणी म्हणेल की एवढी उठाठेव करण्यासारखं हे लाकूड आहे का. आहे. रेन ट्री घ्या, संध्याकाळी पानं मिटणारा आणि शेंगा पाडून रस्ता चिकट करणारा, ज्याला विलायती शिरीष पण म्हणतात. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडं सावलीसाठी रस्तोरस्ती लावला. सुतार त्याला हात लावायला तयार नसतो, पोचट लाकूड आहे काका, जळणालाच बरं, असं मला तोंडावर सांगितलेलं आहे. तेच झाड हवाई बेटांवर मंकीपॉड म्हणून ओळखलं जातं आणि मंकीपॉडचे वाडगे आणि ट्रे तिथून पर्यटक कित्येक दशकं हौसेनं घरी नेतायत. बाहेरची कड फिकट पिवळसर, आत चॉकलेटी, त्यात काळपट रेघा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुकताना इतर लाकडांच्या मानानं कमी आकसतं, त्यामुळं नवीन शिकणाऱ्याला याच्यासारखं लाकूड नाही. तिकडं ज्याला मान आहे ते आपण किलोवर जळणाला घालतो.

सुबाभूळ पण वाईट नाही, उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेनं जनावरांच्या चाऱ्यासाठी जिचा एवढा प्रसार केला तीच, फांद्या लहान असतात पण वाटी-डब्यांना चालते आणि टूलला त्रास देत नाही. आंबा चांगला. फणस तर फारच देखणा, कापताना हळदीसारखा पिवळा आणि वर्षा-दोन वर्षात तपकिरी होत जाणारा. बाभूळ दणकट पण धार खाते. गुलमोहराची मात्र मी शिफारस करणार नाही, मऊ, लवकर बुरशी धरतं, किडा लागतो, ते जळणाला गेलं तर माझं काही म्हणणं नाही.

लाकडाचा लेथ म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटतं लोखंडवाल्याला त्यात काय अवघड. खरं तर फार थोडं कामाला येतं. लोखंडाच्या लेथवर टूल टूलपोस्टमध्ये आवळलेलं असतं, आपण हँडल फिरवायचं, डायल बघायची, फीड द्यायचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरायचं. इथं टूल तुमच्या हातात. समोर एक आडवी पट्टी असते, टूल रेस्ट, तिच्यावर गाऊज म्हणजे खोल पन्हळीची पटाशी टेकवायची. आधी धार लावायचीच नाही, धारेमागचा घासलेला उतार फिरत्या लाकडावर नुसता टेकवायचा, टकटक होतं, मग मूठ हळूच उचलत जायची, एका ठिकाणी धार धरते आणि पन्हळीतनं लांबच्या लांब फीत सुटते. रेन ट्री ताजा असेल तर फितीबरोबर पाणी पण उडतं, चष्म्यावर, शर्टावर, मागच्या भिंतीवर बरोबर जॉबच्या म्हणजे फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेत एक ओला पट्टा उमटतो. आणि तो उतार जरा सुटला की धार एकदम आत घुसते, याला कॅच म्हणतात, धाडकन आवाज होतो, कधी नुसता चरा पडतो, कधी जॉब चकमधून सुटून भिंतीवर.

लाटणं करताना लाकडाचे तंतू लेथच्या लांबीत असतात. वाडग्यात ते आडवे असतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात टूलला दोनदा तंतूंची टोकं लागतात आणि दोनदा त्यांची बाजू, कान दिला तर आवाजातला फरक कळतो. उलट्या दिशेनं कापलं तर ती टोकं उपसली जातात आणि तिथं दोन खरखरीत पट्टे राहतात, त्यावर पॉलिश पेपर घासून घासून हात दुखेल पण ते जायचे नाहीत. म्हणून बाहेरच्या बाजूला बुडाकडून काठाकडं आणि आतल्या बाजूला काठाकडून तळाकडं. हे एकदा हाताला बसलं की निम्मं काम झालं.

आणि वाडगा एका दिवसात होत नाही, तुमच्या पुरवणीत तसं लिहिलं होतं ते बरोबर नाही. ओल्या लाकडाचा आधी जाडजूड वाडगा काढायचा, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, दहा इंची वाडगा तर भिंत एक इंच. मग तो त्याच्याच भुशासकट कागदी पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेवून द्यायचा, काही महिने. मधूनमधून किचनच्या काट्यावर वजन बघायचं, वजन उतरायचं थांबलं की सुकला. पिशवीतून काढाल तेव्हा तो गोल राहिलेला नसतो, तंतूंच्या आडव्या दिशेत पाव ते अर्धा इंच आत आलेला असतो. ती इंचभर जाडी त्याच्यासाठीच ठेवलेली असते, परत लेथवर चढवून गोल करायचा, मग हवा तेवढा पातळ. आपल्याकडं पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळं हा पहिला टप्पा चांगला पार पडतो, लाकूड सावकाश सुकतं, फक्त बुरशीकडं लक्ष ठेवायचं. म्हणजे झाडं पडतात तोच कामाचा सीझन, अजून काय पाहिजे.

पुरवणीवरून आठवलं, त्यातल्या फोटोत लेथवर काम करणाऱ्या मुलाच्या कुर्त्याच्या बाह्या लोंबत होत्या आणि तोंडावर काहीही नव्हतं. कृपा करून असे फोटो छापू नका, लोक बघून तसंच करतात. बारा इंची जॉब ७०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ७०० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी ४० किलोमीटर होतो, म्हणजे तीन-चार किलोचा ओला ठोकळा स्कूटरच्या स्पीडनं तोंडासमोर फिरतोय. इंचातला व्यास गुणिले आरपीएम हा आकडा ६ ते ९ हजारात राहिला पाहिजे, सुरुवातीला जॉब वाकडातिकडा असताना त्याच्याही खाली. पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड, बाह्या वर, गळ्यात-हातात काही नको. आणि एक गोष्ट नवीन पोरांना माहीत नसते, सेटमध्ये जी रुंद रफिंग गाऊज मिळते ती लाटण्यासारख्या लांब कामासाठी असते, तिची मुठीत जाणारी दांडी बारीक असते, ती वाडग्याला लावली तर तिथंच मोडते. बारीक धुळीसाठी मास्क पण हवाच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे नक्की झालेल्या गोष्टींत टाकलंय, तंबाखूही त्याच गटात आहे. शिरीषाच्या धुळीनं शिंका येतात त्या वेगळ्याच. आणि कण्हेर, बिट्टी असल्या विषारी झाडांचं लाकूड खायच्या भांड्याला चुकूनसुद्धा नको, कुंपणातलं फुकट मिळालं तरी नको.

तेल-पॉलिशचंही सांगून टाकतो कारण सोसायटीत रोज कुणीतरी विचारतं. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं तेल लावू नका, पुरतं वाळत नाही आणि काही दिवसांनी खवट वास मारतो. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, त्यात थोडं मधमाशीचं मेण गरम करून मिसळायचं, झालं. जवसाचं कच्चं तेल पण चालतं, वाळायला वेळ घेतं. हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड खायच्या भांड्याला नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. वाडगा पाण्यात भिजत ठेवायचा नाही, धुतला की पुसला, एवढं पथ्य.

ताईंनी लाकडी भांडी म्हणजे परदेशी फॅड असंही लिहिलंय. ताई, काठवट विसरलात का? आमच्या आईनं भाकरीचं पीठ जन्मभर लाकडी काठवटीत मळलं, एका लाकडात कोरलेली, आतून वापरून वापरून गुळगुळीत झालेली, अजून गावाकडं आहे. कुंकवाचे करंडे, रवी, पाळण्याचे कातीव खांब, तबल्याचं खोड, हे सगळं आपल्याकडं लेथ म्हणायच्या आधीपासून आहे. दोरीनं मागं-पुढं फिरणारा लेथ, जमिनीवर बसून एकानं दोरी ओढायची आणि दुसऱ्यानं हत्यार धरायचं, असं कातारी लोक काम करायचे. सावंतवाडीची लाखेची खेळणी आणि फळं सगळ्यांना माहीत आहेत. कर्नाटकात चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या लाकडाची खेळणी होतात, त्यावर फिरत्या जॉबवरच लाखेची कांडी दाबून रंग चढवतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून बसते, ब्रशचा संबंध नाही. पुण्यात तांबट आळीत तांब्यावरचं मठारकाम अजून चालू आहे, बुरूड आळीत बांबू चालू आहे, मग आपल्याच रस्त्यावर पडलेल्या लाकडाच्या भांड्याला काय हरकत आहे? सध्या आपल्या मॉलमध्ये दिसतो तो आंब्या-शिसवाचा माल बराचसा सहारनपूरकडचा, ट्रकनं दीड हजार किलोमीटर येतो.

ताईंचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. दुकानातल्या वाडग्यावर लाकूड कुठून आलं हे लिहिलेलं नसतं, विचारलं तर विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि असा वाडगा स्वस्त मिळतोय म्हणून सहा-सहा घेऊ नयेत. अजून एक गोष्ट मीच सांगतो, वाडगा करताना निम्म्याहून जास्त लाकडाचा भुसा आणि ढलप्या होतात, यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्या ढलप्या वाया जात नाहीत. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करतात, त्यात कोरडं काहीतरी मिसळावंच लागतं नाहीतर वास सुटतो आणि अळ्या होतात, आधी त्यासाठी कोकोपीट विकत आणायचे, आता माझ्याकडून पोती नेतात. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, किलोभर जाळलं की पावणेदोन-एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाडग्यात तो निदान वाडगा टिकेपर्यंत अडकून राहतो. यानं काही पृथ्वी वाचणार नाही पण झाडाच्या नावानं बोलायचं तर जाळण्यापेक्षा हे बरं नाही का?

कायद्याचं म्हणाल तर १९७५ पासून महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्यापुढच्या झाडांना हेरिटेज म्हणून वेगळं संरक्षण आहे. हे असंच कडक राहिलं पाहिजे, उलट अजून कडक करा. चंदन, साग यांना वनखात्याचे नियम वेगळे आहेत त्यात मी पडत नाही. मी बोलतोय ते फक्त वाऱ्यानं पडलेल्या किंवा रीतसर परवानगीनं उतरवलेल्या साध्या झाडांबद्दल. रस्त्याच्या कडेचा ओंडका आपण परस्पर उचलून आणावा असं अजिबात नाही, ती सार्वजनिक मालमत्ता आहे. मी एकदा रीतसर विकत मागायला एका कार्यालयात गेलो होतो, त्यांनी दुसऱ्या टेबलाकडं पाठवलं, त्या टेबलानं दुसऱ्या इमारतीत, तिथल्या साहेबांनी विचारलं की पूर्ण टेंपो घेणार का. एक ओंडका पाहिजे म्हटल्यावर त्यांना हसू आलं. त्यांचंही बरोबर आहे, एका ओंडक्याची पावती फाडायची सोयच नाही.

ती सोय करा एवढंच मागणं आहे. शहरात दोन-तीन ठिकाणी यार्डात एक शेड, फूटभरापेक्षा जाड खोडं तिथं लांबच्या लांब आणायची, गाभ्यातून चिरायची, टोकं सील करायची, कुठल्या रस्त्यावरचं झाड ते खडूनं लिहायचं आणि वजनावर पावती फाडून सुतार, टर्नर, शाळा, कुणालाही द्यायचं. जळणापेक्षा जास्त भाव ठेवा, लोक देतील, मी देईन. झाडाची जागा लिहिलेली असली म्हणजे ताईंची शंका पण मिटेल, चोरून तोडलेलं लाकूड यात घुसवता येणार नाही. आणि माणसांची चणचण नाही हो आपल्याकडं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, हडपसर, या पट्ट्यात लेथवर उभं आयुष्य काढलेले माझ्यासारखे किती जण घरी बसून गुडघ्यांना तेल लावतायत. औंधच्या आयटीआयसारख्या ठिकाणी टर्नरच्या पोरांना पहिल्या वर्षी चार दिवस लाकूड फिरवायला दिलं तर हात किती हलका होतो ते त्यांच्या मास्तरांनी बघावं, लोखंडावर मशिन चूक झाकून घेतं, लाकडावर हात लगेच उघडा पडतो.

सोसायट्यांनी तर यार्डाची वाट बघायचीही गरज नाही. तुमच्या आवारातलं झाड परवानगी काढून उतरवत असाल तर कापणारा ठेकेदार येईल त्या दिवशी खाली उतरून उभे राहा आणि खोडाचे तुकडे दोन फुटाच्या आत पाडू नको असं त्याला सांगा, तो जास्तीचे पैसे मागणार नाही, उलट त्याचे काप कमी होतात. त्याच संध्याकाळी दोन्ही टोकांना फेविकॉल मारा, दुसऱ्या दिवशी नको, त्याच संध्याकाळी. ताईंच्या आवारात असं काही असेल तर त्यांनी तुमच्या पत्त्यावर कळवावं, मी करवत घेऊन येतो, फेविकॉलचा डबा पण माझाच.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
धायरी, पुणे